सिआचा अ‍ॅम्प्लिफायर

सिआ काम्पोननं याही वेळी उत्तर दिलं नाही.

बुनलर्टनं तिसऱ्यांदा विचारलं होतं, "सिआ, आपण जास्त करून कुठली गाणी ऐकता?" हात जोडलेले, मान खाली, नजर समोरच्या चपलांवर. मोठ्या माणसापुढं असंच उभं राहायचं, हे इथं सराबुरी गावात कुणाला शिकवावं लागत नाही. चपला जागच्या हलल्या नाहीत. बुनलर्टच्या पाठीवरून घाम ओघळला.

गाडीत गाणं बसवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. "तुम्ही गाणं सांगा, अ‍ॅम्प्लिफायर मी सांगतो," असं तो येईल त्याला ऐकवायचा. गळा ऐकायचा असेल तर चार चॅनेलचा, क्लास एबी. तापतो, बॅटरी खातो, पण गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. नुसता दणका हवा असेल तर क्लास डीचा मोनो; तो पिकअप घेऊन जत्रेत मिरवणाऱ्यांसाठी. पण गिऱ्हाईक तोंडच उघडेना, तर विद्या काय चाटायची?

आणि गिऱ्हाईक तरी कोण! सिआ म्हणजे शेठ, आणि काम्पोन हा दगडखाणीचा शेठ. खाणीत सुरुंग अवेळी उडाला तेव्हा आत तिघं होते. हा एकटा चालत बाहेर आला. बाकीच्या दोघांबद्दल त्यानं कुणाला एक अक्षर सांगितलं नाही, म्हणून मग लोकांनीच नाही नाही ते सांगायला सुरुवात केली. गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या दुकानदारानं त्याच्या गाडीत भारीतला अ‍ॅम्प्लिफायर बसवून दिला. दुसऱ्या दिवशी तो उपटून दुकानाच्या पायरीवर टाकलेला. ना शिवी, ना तक्रार. दुकानदार हात जोडून कारण विचारत राहिला, हा ढिम्म. त्या भीतीनं दुकानदार बायकोच्या माहेरी पळाला, तो अजून परतलेला नाही.

"माझं माहेर पार सीमेवर आहे, लर्ट," दुकानाच्या दाराशी नूडल्सची गाडी लावणारी बुनलर्टची बायको पिकुन हळूच म्हणाली. "रात्रभराचा प्रवास. त्यापेक्षा नीट बसव."

"तू तुझा रस्सा बघ," बुनलर्ट म्हणाला.

तेवढ्यात काम्पोननं खिशातून पेन ड्राइव्ह काढून सीटवर ठेवला. बुनलर्टनं तो लावून पाहिला. आत एकच गाणं होतं. खेड्यातलं जुनं प्रेमगीत, एका बाईच्या गोड गळ्यातलं. त्याचा जीव भांड्यात पडला. गळा आहे म्हणजे चार चॅनेलचा क्लास एबी, यात दुमत व्हायचं कारण नव्हतं. आरशाला लटकलेल्या जाईच्या माळेला त्यानं हात जोडले, गाडीच्या देवीची परवानगी घेतली आणि वायर कापली. "माई, आज सांभाळ," एवढंच तो मनात म्हणाला.

काम्पोन स्टुलावर बसून बघत होता. बुनलर्टनं चुकून मान वर केली की त्याची नजर थेट बुनलर्टच्या तोंडावर असायची. डोळ्यांवर नाही, तोंडावर. पहिला ठोसा कुठं घालायचा हे ठरवत असावा, असं बुनलर्टला वाटलं आणि त्याच्या हातातला पाना दोनदा निसटला.

संध्याकाळी गाणं सुरू झालं. पिकुनच्या हातातली पळी रश्शात तशीच राहिली. जेवणाऱ्यांनी नूडल्सच्या काड्या खाली ठेवल्या. गाणारी जणू मागच्या सीटवर बसून गात होती. काम्पोन स्टिअरिंगपाशी बसला होता, एक हात दारावर.

"सुरू कर," तो म्हणाला.

"सुरूच आहे, सिआ," बुनलर्ट चपलांकडे बघत पुटपुटला.

"सुरू कर म्हटलं ना."

आता संपलं. हा खोड काढतोय, निमित्त शोधतोय. पळावं तर पिकुन बाहेर, दुकान उघडं. मान वर करायची छाती होईना, म्हणून त्याची नजर चपलांवरून सरकत दारावरच्या त्या हातापर्यंत गेली.

हात हलत होता. लेकराचा ताप बघावा तसा तळवा दारावरून फिरत होता. दारावरून स्पीकरच्या जाळीवर, जाळीवरून डॅशबोर्डवर. काहीतरी शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं.

सुरुंग उडाला तेव्हा आत तिघं होते. दोघांचे जीव गेले. याचे कान.

जत्रेच्या पिकअपसाठी आणलेला क्लास डीचा मोनो आणि पिंपाएवढा बासचा स्पीकर बुनलर्टनं ओढत आणला, मागच्या सीटवर चढवला, वायरी जोडल्या आणि बटण फिरवलं. आरशावरची जाईची माळ थरथरली. दार थरथरलं. काम्पोनचा हात जागच्या जागी थांबला. त्यानं डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं त्याचे ओठ हलू लागले. आधी तो एक ओळ मागं होता, मग त्यानं गाणारीला गाठलं.

बुनलर्टला स्वतःची लाज वाटली. दुपारपासून हा माणूस आपले ओठ वाचायला बघत होता, आणि आपण सगळे प्रश्न त्याच्या चपलांना विचारले. त्यानं काम्पोनच्या खांद्याला हात लावला, समोर उजेडात जाऊन उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सिआपुढं मान ताठ करून, सावकाश विचारलं, "सिआ, एवढं पुरे, की वाढवू?"

"वाढव," काम्पोन लगेच म्हणाला. "आणि दुपारपासून तोंडाला कुलूप का लावलं होतंस? त्या स्फोटापासून या गावात माझ्याशी कुणी एक शब्दही बोललेलं नाही."