फुटलेला ठिपका

"ठिपका फुटलाय," मास्तर दारातूनच म्हणाले.

मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला. मान वर करायचीही गरज नव्हती. डावा पाय घासत पायऱ्या चढणारा माणूस या दुकानात एकच येई, आणि तो नेमका मिस्त्रींना डुलकी लागायच्या वेळेला येई.

"कुणाचा ठिपका?"

"माझ्या रायफलवरच्या साइटचा. काचेत गोल तांबडा ठिपका दिसायला हवा ना? मला चिरडलेला डास दिसतो."

मिस्त्री दमले होते. आजचे नव्हे, बरेच दिवसांचे. बंदुका दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण नेम धरायच्या या रेड डॉट साइट आल्यापासून कामाची चवच गेली होती. पूर्वी बंदूक बिघडायची. आता बंदूक ठणठणीत असते आणि माणूस बिघडलेला असतो, अन् ते त्याच्या तोंडावर सांगायचं काम मिस्त्रींच्या गळ्यात पडतं. निम्म्या तक्रारी तर सेल संपल्याच्या. सेल गेला की ठिपका गायब, आणि शहाणीसुरती माणसं काच पुसत बसतात.

सकाळी बायकोनंही तोंडसुख घेतलं होतं. "अहो, शर्टाच्या गुंड्या तरी नीट लावा. वरची खालच्या काजात गेलीय." दुकानात कोण बघायला बसलंय, म्हणून मिस्त्री तसेच निघून आले होते.

"आण इकडे," ते म्हणाले.

साइट हातात आली. काडेपेटीएवढी, पण चांगली भरीव. मिस्त्रींनी तिच्यावरून अंगठा फिरवला. कडेला जुना टवका उडालेला, मास्तरांनी ती खडकावर पाडली होती तेव्हाचा. काच जागच्या जागी. पेच घट्ट. ही जात मिस्त्रींना मनापासून आवडायची. पावसात भिजवा, जीपमधून आदळत न्या, हातातून पाडा, तिची कुरकुर नाही. माणसं अशी असती तर किती बरं झालं असतं.

"सेल?"

"नवा कोरा. आत्ताच येताना घेतला."

मिस्त्रींनी ठिपक्याचा उजेड वाढवायचं बटण फिरवलं. टक, टक, टक, अगदी शेवटपर्यंत. मग साइट डोळ्याशी धरली आणि तोंड भिंतीकडे केलं. बराच वेळ ते तसेच बसून राहिले.

"काय दिसतं?" मास्तरांनी विचारलं. एरवी नेमबाजीची रेंज दणाणून सोडणारा त्यांचा आवाज आज फार हळू होता.

मिस्त्रींना गलबलून आलं. क्लबच्या रेंजवर नेम धरायला शिकवायचं काम मास्तरांचं. गोळी कधी झाडायची, कधी थांबायचं, हा हुकूमही त्यांचाच. अशा माणसाचे डोळे गेले तर क्लब त्याला एक दिवस ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण घरी बसून हा करणार काय? बायको गेली, मुलगी परगावी. रेंजवरची ती मोडकी खुर्ची सोडली तर याला बसायला जागा कुठे होती?

थाप मारता आली असती. साइट बिघडलीय, ठेवून जा, म्हटलं की काही दिवस तरी निभावून गेलं असतं.

"क्लबातल्या त्या वकीलबाईंची रायफल परत डावीकडे मारतेय," मास्तर मध्येच म्हणाले. "तू साइट बसवून दिल्यापासून."

"वकीलबाई घोडा दाबत नाहीत, खेचतात. साइटला कशाला बोल लावतोस? विषय बदलू नकोस."

"बरं, नाही बदलत. पण खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

मिस्त्रींनी चहाचा कप चाचपून जवळ ओढला. चहा कधीच गार झाला होता. त्यांनी तो तसाच संपवला.

"ठिपका गोल आहे, मास्तर. गोल गरगरीत."

"परत बघ."

मिस्त्रींनी परत डोळा लावला. "स्वच्छ आहे. कडसुद्धा फाटलेली नाही. साइटला काहीही झालेलं नाही."

"म्हणजे दोष..."

"डोळ्यात."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते धप्पकन बसले.

"अरे, पण हात सरावलेत," ते म्हणाले. "इतकी वर्षं हेच केलं. आणखी थोडे दिवस गुपचूप काढले तर कुणाला कळणार आहे?"

मिस्त्रींना एकदम राग आला. का आला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हात सरावलेत म्हणून काय झालं? तिथं माणसं उभी असतात! एक चूक झाली तर कुणाच्या तरी घरात अंधार होईल. ज्याला दिसत नाही त्यानं बंदुकीला हात लावू नये. आपणहून बाजूला व्हावं. दुसऱ्यानं हात धरून उठवायची वेळ आणू नये."

जिवाभावाच्या माणसाला असं तोडून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मनापासून म्हणतोस?" मास्तरांनी विचारलं.

"मनापासून."

"मग रागावू नकोस."

खुर्ची मागे सरकली. डावा पाय घासत टेबलाच्या अलीकडे आला. मास्तरांनी मिस्त्रींचा हात आपल्या हातात घेतला, त्यांची मूठ उघडली आणि तळव्यावर एक छोटीशी गार चकती ठेवली. मिस्त्रींनी सवयीनं तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि तो तिथंच थांबला.

"सेल," मास्तर म्हणाले. "साइटमध्ये अजून घातलेलाच नाही."