उतरलेला स्वर

यमनच्या आलापीत सतारीची तार पंचमापर्यंत खेचताना सत्तरी ओलांडलेल्या दिगंबरपंतांचे बोट थरथरले आणि स्वर उतरलेलाच राहिला. पुढच्या रांगेतल्या जाणकारांच्या डोलणाऱ्या माना थबकल्या. पंतांचे जन्मभराचे नाव पणाला लागले.

तोच मागे बसलेल्या त्यांच्या शिष्येने, हेमांगीने, आपल्या सतारीवर तो स्वर तितकाच उतरलेला वाजवला. गुरूमागून शिष्येनेही लावला, म्हणजे ही घराण्याचीच खुबी, असे समजून माना पुन्हा डोलू लागल्या.

मध्यंतरात पंत म्हणाले, "बेसूर वाजवलंस."

"तुमचंच वाजवलं, गुरुजी."

"लहानपणी असा स्वर लावला असतास तर?"

"हातावर पट्टी बसली असती."

"मग आज कशाला लावलास?"

"पट्टी तुम्हाला एकट्याला कशी बसू देऊ?"

पडदा पुन्हा उघडला, तेव्हा हेमांगी पुढे बसली होती आणि पंत तिच्यामागे, तिच्या षड्जाशी आपली सतार जुळवीत होते.