विलिमैनाचा ट्रॉम्बोन

"पहिल्या झटक्यात हा कुणालाच वाजत नाही हं!" राजधानी सुवाच्या वाद्यवृंदातून आलेल्या तोमासीने चौथीच्या पोरांपुढे ट्रॉम्बोन धरला. एकेकाने गाल फुगवून फुंकलं, पण नुसतंच फुस्स. वर्ग हसून हसून लोळला. मग चिमुरड्या विलिमैनाने ओठ आवळले आणि असा सूर काढला की छपराचे पत्रे थरथरले.

"अगं, शिकलीस कुठं?" तोमासी नाचायचाच काय तो बाकी होता.

"त्यात काय शिकायचं, काका? आजोबांची होडी आली की शंख मीच फुंकते."

तेवढ्यात अख्खं गाव टोपल्या घेऊन शाळेच्या दारात. "मासे कुठायत गं?"

एपेली मास्तर गावकऱ्यांना समजवायला निघाले, तर तोमासीने त्यांचा हातच धरला.

"एवढ्यात सांगू नका, मास्तर. काल माझ्या कार्यक्रमाला तुम्ही एकटेच होतात."