चष्मेवाल्यांची पाठ

रेफरीने पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं, तशी गोलमागची अख्खी गॅलरी उठली आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. सगळ्यांत आधी चष्मेवाले काका. हा मान त्यांचाच होता.

"अहो, हे काय?" काकू दचकल्या. डॉक्टरांनी काकांना एकटं सोडू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदाच मॅचला आल्या होत्या.

"पेनल्टी आहे. मी बघितली की चुकते."

"मग घरी काय भिंती कमी होत्या बघायला?"

ही चेष्टेची वेळ नव्हती. क्लब सगळ्यात खालच्या लीगमध्ये, तिथेही शेवटून दुसरा. मॅच बरोबरीत, हातात दोन मिनिटं. आज जिंकले तर राहिले, नाहीतर लीगबाहेर, आणि त्याच्या खाली काही नव्हतंच. काका नऊ वर्षांचे असताना मामाचं बोट धरून इथे आले, ते सदुसष्टाव्या वर्षीही येतच होते. क्लब बुडाला तर रविवारी दुपारी जायचं कुठे? या विचाराने त्यांना खरोखर धडकी भरली होती.

आता ही पनवतीची भानगड. तरुणपणी काकांनी ओळीने तीन पेनल्ट्या डोळे भरून पाहिल्या, तिन्ही वाया गेल्या. चौथीच्या वेळी त्यांच्या चष्म्याची काडी निखळून पडली, ती शोधायला ते वाकले आणि गोल झाला. झालं! तेव्हापासून त्यांनी पाठ फिरवली. त्यांचं बघून शेजारच्याने, त्याचं बघून मागच्याने. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, पण पेनल्टी म्हटली की स्वतःच आंधळा. बरं, पाठ फिरवूनही दहातल्या सहा चुकायच्याच. त्यावरही काकांकडे उत्तर तयार होतं, "माझी मान जरा वळली असेल."

"कोण मारतोय?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"आपला प्लंबर." कप्तान आठवडाभर नळ दुरुस्त करायचा, काकूंच्या स्वयंपाकघरातला नळ त्यानेच बसवला होता. "अहो, पण तो बॉलकडे बघतच नाहीये. इकडे गॅलरीकडे बघतोय. तोंड एवढंसं झालंय बिचाऱ्याचं."

प्लंबर अकरा वर्षं पेनल्ट्या मारत होता. मारण्याआधी तो कुठे बघतो, हे गॅलरीत कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

"इकडे काय बघतोय? बॉलकडे बघ म्हणावं!"

"तुम्हीच सांगा. आधी वळा तर!" काकूंनी बाही ओढली.

काका अर्धे वळले. थांबले. मग एकदाचे पूर्ण वळले.

"काका, क्लब बुडवताय का?" शेजारचा किंचाळला.

पण तोवर नजरानजर झाली होती. प्लंबर चमकला. एकदा पुन्हा बघून त्याने खात्री करून घेतली आणि धावत येऊन बॉल मारला. बॉल खांबाला लागला, तिथून गोलकीपरच्या टाचेला, आणि गडगडत, रमतगमत आत गेला. काका चक्क रडायला लागले. पाठमोरी गॅलरी "काय झालं, काय झालं?" करत राहिली.

मॅच संपल्यावर प्लंबर कुंपणापाशी आला. त्याला काहीतरी विचारायचं होतं. काकांनाच राहवेना.

"माफ कर बाबा. आज बघितलं मी. नशीब, निभावलं. काय करू, मी पनवती आहे ना, म्हणून इतकी वर्षं पाठ करून उभा राहायचो."

"तुम्ही?" प्लंबर बघतच राहिला. "काका, मला तर अकरा वर्षं वाटत होतं की पनवती मी आहे, म्हणून तुम्ही सगळे तोंड फिरवता."