अखिलचे कान

डाळमिलच्या खडखडाटात राबून माझ्या कानांना बारीक सूर ऐकू येईनासे झाले. म्हणून घरी बनवलेल्या स्पीकरचा क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक आवाज छोट्या ट्वीटरकडे पाठवणारं सर्किट, मी माझ्या दोस्ताच्या, अखिलच्या कानांवर ठरवायचो. त्याच्या "एक नंबर!"वर भरवसा ठेवून मिलची नोकरीही सोडली.

काल शिरपूरच्या पहिल्याच गिऱ्हाइकाने जोडी परत आणली. "भाऊ, तुमचा ट्वीटर कानात टोचतो."

आज अखिलला पिंप्राळ्याला घरी बोलावलं आणि घुंगरांचं गाणं लावलं. "आता सांग."

त्याने डोळे मिटले, मान डोलावली. "अरे नासीर, घुंगरू न् घुंगरू मोजून घे!"

दोन्ही ट्वीटरच्या आधीच उपटलेल्या वायरी मी मुठीत घट्ट धरून बसलो होतो.