तुरटीचा खडा

नातीला शाळेत घातलं, त्या वर्षीची गोष्ट. अपघातानंतर धाकटा भाऊ आठ महिने निपचित होता. मी न्हावी, रोज त्याची दाढी करायचो. "बाबांना काही कळत नाही, अन्नाची नळी काढू या," पुतण्या म्हणाला. भावजय उसळली, "वस्तरा टेकला की गाल फुगवतात ते! भाऊजी, तुम्हीच सांगा." फुगवायचा खरा. मी पेटीतल्या तुरटीच्या खड्याकडे बघितलं. चाळीस वर्षं धाकटा माझ्या खुर्चीत, "दादा, वस्तऱ्याला धार आहे की नुसता रुबाब?" म्हणत हसायचा, कापून घ्यायचा. शिव्या घालत मी तुरटी लावायचो. आठ महिन्यांत त्याला एकदाही कापलं नव्हतं, तिला पाणी लागलं नव्हतं. मी म्हणालो, "अगं, वस्तऱ्याखाली हा कधी गप्प बसलाय का?" ती रडली, मग लेकाला म्हणाली, "सहीचा कागद आण." नळी काढली त्याच्या नवव्या दिवशी, दाढी झाल्यावर, माझा धाकटा गेला.