पुलावरची घंटी

सायकलवर मागे वळून पाहिलं की मी हमखास आपटते. म्हणून आमचे हे मागे राहतात आणि प्रत्येक पुलावर दोनदा घंटी वाजवतात. मी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नदीच्या त्या जुन्या खोऱ्यात, गावामागून गाव, मी पाच पूल ओलांडले. पाचही वेळा मागून घंटी वाजली.

"दमलात वाटतं," मी न वळता म्हणत राहिले. "या सावकाश. तुम्हाला टाकून कुठे जातेय?"

सहावा पूल उतरले, तर हे समोर दगडावर बसले होते. तळहातावर घंटी.

"पहिल्या पुलाआधीच निखळली. हाका मारल्या, पण तू थांबशील तर शपथ. शेवटी होडीने पुढे आलो."

माझ्या मागे, पुलावर, घंटी दोनदा वाजली.

यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं.

"त्याला तू बोलावलंस?"